आजीची इमानपट्टी: गावाजवळच्या युद्धकाळातल्या धावपट्टीचा इतिहास कसा काढावा

आमच्या गावाच्या उत्तरेला बरडावर एक लांब, सरळ जागा आहे. गावात तिला 'इमानपट्टी' म्हणतात, म्हणजे विमानपट्टी. पोरं तिथं क्रिकेट खेळतात, चुरणे (मळणी) झाले की लोक धान तिथंच वाळू घालतात आणि चैत्रात मोहफुलं पसरतात. माझी आजी चौदा-पंधरा वर्षांची असताना त्या पट्टीवर मुरमाच्या टोपल्या टाकायला जायची. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. लोकांच्या बांध्या (धानाची शेतं) मोजत जिल्हाभर फिरले, पण आजीनं घाम गाळलेल्या जागेचा कागद बघायचं मला तिच्या जाण्यानंतर सुचलं. त्याला आता सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत जे जमलं, जे चुकलं, ते इथं लिहिते. तुमच्या गावाजवळ अशी पट्टी असेल तर तुमची दोन-तीन वर्षं वाचतील.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. लढाईतली जागा म्हटलं की लोखंड शोधणारे आणि गुप्तधन खोदणारे दोघंही येतात.

आधी थोडं पार्श्वभूमीचं, कारण ते माहीत नसेल तर कोणत्या सालाचा कागद मागायचा तेच कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात ८ मार्च १९४२ रोजी रंगून जपान्यांच्या हाती गेलं. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले, डिसेंबरात कलकत्त्यावर. तोवर हिंदुस्थानातले बहुतेक लष्करी तळ वायव्य सरहद्दीकडे तोंड करून होते. लढाई अचानक पूर्वेला आली आणि दोनशेहून अधिक नवे विमानतळ बांधायचा कार्यक्रम हाती घेतला गेला. त्यातले लढाऊ तळ बंगाल, आसाम, ओडिशात. आपला विदर्भ मात्र शत्रूच्या विमानांच्या टप्प्याबाहेर आणि मुंबई-कराचीकडून कलकत्त्याकडे जाणाऱ्या वाटेवर. त्यामुळं इथल्या पट्ट्या मुख्यतः वाटेत उतरायला, तेल भरायला, सरावाला आणि अडचणीत आसरा म्हणून. नागपूरचं सोनेगाव, गोंदियाजवळची बिरसी, अकोल्याची शिवणी ही आज नाव असलेली ठिकाणं. ज्यांचं नाव राहिलं नाही त्यांच्यासाठी हा खटाटोप.

आधी जमीन वाचा

इंटरनेटवर शोधायला बसण्याआधी जागेवर जा. पहिली खेप उन्हाळ्यात, मे महिन्यात, गवत नसताना. दुसरी धान लागल्यावर, सप्टेंबरात. दोन्ही वेळा वेगळं दिसतं.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, बांध्यांचे धुरे (बांध) वाकडेतिकडे असतात, कारण ते पाण्याच्या उतारानुसार पडलेत. धावपट्टीसाठी जिथं जमीन सपाट केली, तिथं नंतर कुणी शेती केली तरी धुरे फूटपट्टीनं आखल्यासारखे सरळ राहतात. गुगल अर्थवर वरून पाहा, वाकड्या धुऱ्यांच्या जाळ्यात एक सरळ पट्टा उठून दिसेल. मला आमच्या पट्टीचं पश्चिमेकडचं टोक असंच सापडलं. आज तिथं धान आहे, पण चार धुरे एका रेषेत आहेत.

झाडंही बघा. म्हातारा मोह आपल्याकडे कुणी सहसा तोडत नाही. आजूबाजूला शंभर वर्षांचे मोह उभे आणि मधल्या पट्ट्यात, शिवाय दोन्ही टोकांपुढं बऱ्याच अंतरापर्यंत, एकही जुनं झाड नाही, असं असेल तर तिथं विमानाच्या उतरणीची वाट साफ केलेली होती, असा संशय घ्यायला हरकत नाही.

मातीचं कारणही समजून घ्या. काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर केलेली पट्टी दोन पावसाळे धड टिकत नाही. म्हणून जागा निवडणाऱ्यांना मुरमाड बरड लागे, नाहीतर मुरूम लांबून आणून खोल भरावा लागे. जवळपास मुरमाची मोठी जुनी खदान आहे का पाहा. आमच्याकडे ती आहे, आता तिची बोडी (लहान तळं) झाली आहे आणि तीत शिंगाडा लावतात.

पृष्ठभाग कुठं तुटला असेल तर तिथं बसून नीट बघा, खणू नका. आमच्या पट्टीच्या कडेला पावसानं एक घळ पाडली आहे. तिच्यात थर उघडे पडलेत. वर बोटभर जाडीचा डांबर-गिट्टीचा काळा थर, त्याखाली वीतभर हातानं फोडलेला दगड, कडा अजून धारदार, आणि खाली तांबडा मुरूम इतका घट्ट की नखानं सुटत नाही. डांबरात एका ठिकाणी धानाच्या तणसाची काडी चिकटून काळी पडली आहे. त्या घळीजवळ मी अर्धा तास बसले होते.

मग मापं घ्या. रुंदी आधी, कारण लांबी शेतकऱ्यांनी खाल्लेली असते पण रुंदी मधे कुठंतरी शिल्लक असते. त्या काळात मोठ्या विमानांच्या मुख्य धावपट्टीचं ठरलेलं माप २००० यार्ड लांब आणि ५० यार्ड रुंद होतं. म्हणजे ६००० फूट गुणिले १५० फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, त्या हिशेबानं नुसती पट्टी २० एकर २६ गुंठे. हा आकडा लक्षात ठेवा, कागदात कामी येईल. लहान पट्ट्या याहून बऱ्याच कमी असत. आमची १५० फूट रुंद भरली. लांबी दिसते ती साधारण ११०० मीटर, धुऱ्यांवरून धरली तर त्याहून जास्त.

दिशा होकायंत्रानं घ्या, मोबाईलमधलं चालेल. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची चुंबकीय दिशा दहानं भागून. ९० अंश असेल तर ०९, उलट्या टोकाला २७. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, तेव्हा दुरुस्ती करत बसू नका.

एक सावधगिरी. शेतात जुना काँक्रीटचा ओटा दिसला की तो लढाईतलाच असं धरू नका. चंद्रपूरजवळची मोरव्याची धावपट्टी १९६०च्या दशकातली आहे, लढाईशी तिचा संबंध नाही. आणि बॉम्बसारखं, नळकांड्यासारखं काही सापडलं तर हात न लावता पोलीस पाटलांना आणि ठाण्याला कळवा. इतक्या वर्षांनीही ते जिवंत असू शकतं.

सातबाऱ्यावरून मागं चालत जा

हा माझा प्रांत, त्यामुळं इथं जरा जास्त थांबते. महाभूनकाशावर, म्हणजे शासनाच्या जमीन-नकाशांच्या संकेतस्थळावर, पट्टीचा गट नंबर काढा आणि आजचा सातबारा घ्या. कब्जेदार म्हणून 'महाराष्ट्र शासन' असेल, 'संरक्षण विभाग' असेल, नाहीतर चक्क शेतकऱ्यांची नावं असतील. तिन्ही शक्य आहे, आणि का ते पुढं सांगते. मग फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) एकेक करत मागं चला. वाटेत एकत्रीकरण योजनेत (विखुरलेले तुकडे जोडण्याच्या) नंबर बदललेले असतात, तेव्हा जुन्या आणि नव्या नंबरांचा मेळ आधी घालून घ्या. इथंच बहुतेक लोक वाट चुकतात आणि शेजारच्याच शेताचा इतिहास लिहून बसतात.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, म्हणजे जुन्या मध्यप्रांतात, मालगुजारी होती: गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला भरी. तिथं दोन कागद एकमेकांशेजारी ठेवायचे. लढाईच्या आधीच्या बंदोबस्ताचा (जमीन मोजून सारा ठरवण्याच्या कामाचा) खसरा-जमाबंदी आणि नकाशा हा एक; खसरा म्हणजे शेताचा नंबर. १९५४-५५चा अधिकार अभिलेख हा दुसरा. पहिल्यात ज्या खसऱ्यांपुढं कुळांची किंवा मालगुजाराची नावं आहेत आणि दुसऱ्यात ज्यांच्यापुढं सरकार आलंय, ते नंबर एका कागदावर उतरवा आणि नकाशावर रंगवा. आमच्याकडे रंगवलेले नंबर जोडत गेले आणि तुकड्यातुकड्यांतून लांब आयत तयार झाला, तेव्हा माझे हात थरथरले. नोकरीत हजारो नकाशे रंगवलेत, असं कधी झालं नव्हतं. अकोला, अमरावती, बुलडाणा, यवतमाळ, वाशीम हा वऱ्हाडचा भाग, तिथं रयतवारी होती, शेतकरी थेट सरकारला सारा भरी. तिथं सर्व्हे नंबर आणि आकारबंदावरून (प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि सारा यांची यादी) शोध घ्यावा लागेल.

आता ती तीन प्रकारची नावं. लढाईत जागा घेताना सरकारनं बऱ्याचदा मालकी घेतलीच नाही, फक्त ताबा घेतला. भारत संरक्षण नियमांतल्या ७५-अ नियमाखाली ते अधिग्रहण होई, मालकाला भरपाई मिळे आणि मालकी त्याचीच राही. १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली घेतलेली जमीन मात्र कायमची सरकारची. भारत संरक्षण कायदा ३० सप्टेंबर १९४६ला संपला. त्यानंतर अधिग्रहण चालू ठेवायला आधी वटहुकूम आणि मग १९४७चा कायदा करावा लागला. म्हणून १९४६ आणि १९४७ ही दोन वर्षं फार महत्त्वाची. कुणाला जमीन परत मिळाली, कुणाची कायमची गेली, याचा निकाल साधारण त्या सुमारास लागलेला असतो. पट्टीच्या मधोमध शेतकऱ्याचं नाव असेल तर ते अतिक्रमणच असेल असं नाही, ती परत मिळालेली वडिलोपार्जित जमीनही असू शकते. हे नीट कळल्याशिवाय कुणाच्या जमिनीबद्दल एक ओळही लिहू नका. तुमच्या लेखाचा कागद उद्या कुणी वादात पुढं करेल.

नक्कल मागताना शब्द जपून वापरा. एका रेकॉर्ड रूममध्ये मला तीनदा 'असं काही नाही' म्हणून परत पाठवलं. मी 'विमानतळ' आणि 'धावपट्टी' मागत होते. चौथ्यांदा मी स्वतः सूची चाळायची परवानगी मागितली, तेव्हा इंग्रजी सूचीत 'एरोड्रोम' आणि 'लँडिंग ग्राउंड' असे दोन विषय समोर आले. आठ महिने त्यात गेले. दुसरं, पट्टीला नाव बहुतेक वेळा जवळच्या रेल्वे स्टेशनचं किंवा मोठ्या गावाचं असतं, ज्याच्या शिवारात ती आहे त्या गावाचं नसतं. आणि जुनी रूपं ध्यानात ठेवा. चंद्रपूर तेव्हा चांदा होतं, आणि गोंदिया भंडारा जिल्ह्यात होता, तो १९९९ साली वेगळा झाला.

वरचा पत्रव्यवहार कुठं असेल याचाही विचार करा. तेव्हा सरकार सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरारचं, राजधानी नागपूर. पुढं आपण मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६पासून मुंबई राज्यात, १९६०पासून महाराष्ट्रात. तेवढ्या वेळा दप्तरं वाटली गेली. नागपूरचं पुराभिलेखागार आधी पाहा, मग भोपाळ. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची 'अभिलेख पटल'वर घरबसल्या शोधता येते. प्रांतिक सरकारचं गॅझेट चाळायला विसरू नका, संपादनाच्या अधिसूचना त्यात खसरा नंबरांसकट छापून येत. वर्तमानपत्रांत लढाईच्या काळात विमानतळाच्या बातम्या शोधू नका, सेन्सॉर होता. १९४५ ते ४७च्या अंकांतल्या, लढाईतल्या उरलेल्या सामानाच्या लिलावाच्या जाहिराती पाहा.

माणसांना विचारताना

कागद हाती आल्यावर माणसांकडे जा, पण फार उशीर करू नका. तेव्हा आठ-दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीपार आहे.

'कोणतं साल होतं' असं विचारू नका. 'तुमचं लग्न झालं होतं का', 'घरात धान होतं का कंट्रोलचं आणलं', 'मालगुजार कोण होता', असं विचारा. आणि वस्तूबद्दल विचारा, घटनेबद्दल नंतर. टोलीवरच्या (लहान वस्तीवरच्या) एका आजोबांना मी विचारलं, रात्री उजेड कशाचा असे? ते म्हणाले, "झारीत राकेल टाकत, चोचीत वात पेटवत. लायनीनं ठेवत." मला वाटलं, म्हातारपण आहे, झारी कुठली? घरी येऊन वहीत लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. वर्षभरानं कळलं की त्या काळच्या धावपट्ट्यांवर खरोखर झारीसारख्या भांड्यांचे दिवे ठेवत, लांब तोटीत जाड वात आणि पोटात रॉकेल. त्याला इंग्रजीत गूसनेक म्हणत, म्हणजे हंसाची मान. ज्यानं तो डोळ्यांनी पाहिला नाही, त्याला झारी सुचणार नाही. आजोबांची साक्ष मी तेव्हापासून पक्की धरते. तुमच्याही वहीत विचित्र वाटणारं वाक्य असेल तर ते खोडू नका.

दोन ठिकाणी मात्र आठवणींची सरमिसळ होते. 'गोरे आले होते' ही आठवण विमानतळाचीच असेल असं नाही. १६ ऑगस्ट १९४२ला चिमूर आणि आष्टीला उठाव झाला, त्यानंतर चिमुरात गोरे शिपाई शिरले आणि जे झालं ते आपल्याकडे अजून विसरलेलं नाही. म्हणून गोऱ्यांनी काय केलं ते विचारा. घरात शिरले, माणसं धरून नेली, असं आलं तर ती बेचाळीसची गोष्ट. ताडी विकत घेतली, पोरांना बिस्किटं दिली, असं आलं तर ती पट्टीची असू शकते. दुसरी सरमिसळ रात्रीच्या विमानांची. १९४९पासून मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रासची टपाल विमानं रात्री नागपूरला येऊन टपालाची अदलाबदल करून परत जात. कलकत्त्याच्या वाटेखालच्या गावांनी तो आवाज वर्षानुवर्षं ऐकला असणार. 'रोज रात्री जेवण झाल्यावर विमान जाय' असं कुणी म्हटलं तर ते लढाईत मोडत नाही.

वस्तूंचंही असंच. आमच्याकडे एका गोठ्याला भोकाभोकाच्या लोखंडी पत्र्याचं फाटक आहे. दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद, तीन ओळींत ८७ भोकं, कडेला अडकवायचे आकडे. लढाईत कच्च्या जमिनीवर अशा पत्र्यांची जोडून धावपट्टी करत, एका पत्र्याचं वजन ६६ पौंड. मी आनंदानं वेडी झाले होते. पण मालक म्हणाले, बाबांनी ते लिलावातून बैलगाडीवर आणलं, कुठून ते ठाऊक नाही. लढाईनंतर असलं सामान भंगारात देशभर फिरलं. तेव्हा ते फाटक म्हणजे आमच्या पट्टीचा पुरावा नव्हे. वस्तू जिथं आहे तिथलीच असेल असं नाही, हे मला त्या दिवशी पटलं.

बायकांना वेगळं भेटा. टोपली टाकणारे हात बहुतेक त्यांचे होते, आणि घरातली पुरुषमंडळी बसली असतील तर त्या बोलत नाहीत. कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीही पाहा. बांधकामाच्या महिन्यांत परगावच्या मजुरांचे मृत्यू त्यात नोंदलेले असू शकतात.

नकाशे, आभाळातून काढलेले फोटो आणि परदेशातली दप्तरं

अमेरिकी लष्कराच्या नकाशा खात्यानं १९५०च्या दशकात आपल्या देशाचे अडीच लाखांत एक प्रमाणाचे नकाशे काढले, यू ५०२ मालिका. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं ते फुकट ठेवलेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांनुसार नागपूर ५५ ओ मध्ये येतं, गोंदिया ६४ सी मध्ये. तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन नकाशा काढा आणि लँडिंग ग्राउंडची खूण शोधा. दुसरं म्हणजे कोरोना या अमेरिकी हेर उपग्रहांचे १९६० ते ७२चे फोटो, १९९५ साली खुले झाले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अर्थएक्सप्लोररवर ते मिळतात, आधीच स्कॅन झालेले असतील तर पैसे पडत नाहीत. एकत्रीकरणाच्या आधीचं शिवार त्यात दिसू शकतं.

लंडनजवळ क्यू इथं ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. हवाई दलाच्या स्क्वाड्रनांच्या रोजनिशा तिथं एआयआर २७ या मालिकेत आहेत, तळांच्या एआयआर २८ मध्ये आणि इतर लहान तुकड्यांच्या एआयआर २९ मध्ये. सूची इंटरनेटवर शोधता येते. लहान पट्टीची वेगळी रोजनिशी बहुधा नसतेच, तिचा उल्लेख मोठ्या तळाच्या पानांत ओझरता येतो. अमेरिकी विमानं येत असत असं कुणी सांगितलं तर त्यांचे कागद अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या हवाई दल इतिहास संस्थेत आहेत. मात्र एक कळकळीचं सांगणं. खरगपूरजवळच्या तळांवरून बी-२९ ही मोठी अमेरिकी बॉम्बफेकी विमानं उडाली हे खरं, म्हणून आपल्याही पट्टीवरून उडाली असं लिहू नका. गावाला तसं आवडेल, पण लांबी आणि कागद काय म्हणतात ते आधी बघा.

अपघाताची आठवण निघाली तर राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाच्या संकेतस्थळावर तारखेनुसार शोधा. मध्य आणि पश्चिम भारतात विखुरलेल्या कबरी पुढं पुण्याजवळ खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत एकत्र आणल्या गेल्या. तिथल्या नोंदीत तारीख आणि तुकडी असते, आणि ते धरून क्यूच्या रोजनिशीचं नेमकं पान गाठता येतं.

लिहून झाल्यावर

प्रत्येक गोष्टीपुढं ती कुठून आली ते लिहा: जमिनीवर पाहिली, कागदात सापडली, की कुणी सांगितली. सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलं की बापाकडून ऐकलं, तेही. छापण्याआधी ते गावात मोठ्यानं वाचा.

मी गेल्या वर्षी ग्रामसभेनंतर पारावर वाचलं. ज्यांचे खसरे गेले त्यांची नावं एकेक वाचत होते आणि लोक 'हा आमचा आजा', 'हा दादाजीचा भाऊ' म्हणत होते. दोन नावं मी मोडीतून चुकीची वाचली होती, ती तिथंच दुरुस्त झाली. शेवटी मागं बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "बाई, शेतवाल्यायचे नावं लिवले, मुरूम टाकनाऱ्यायचे काहून नाही?" त्यांच्या आईचं नाव त्यांनी सांगितलं, मग दुसऱ्या कुणी दोन सांगितली. त्या संध्याकाळी चौदा नावं जमली. वहीचं नवीन पान काढून मी वर आजीचं लिहिलं आणि खाली ती चौदा.